चीन सोडावं की शाळा सोडावी?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मूळची नाशिकची, एमएस्सी, बीएड. चीनच्या जिआंग्सू प्रांतात एका खासगी द्विभाषिक शाळेत केंब्रिज अभ्यासक्रमाचं गणित शिकवते. हे दुसरं वर्ष. कर कापण्याआधीचा पगार २२,००० युआन, घरभाडं माझं मीच भरते. मुलं गुणी आहेत, वर्गात मन रमतं. पण रोजच्या कटकटींनी जीव मेटाकुटीला आलाय. उद्याचे तास बदलल्याचं आदल्या रात्री दहाला कळतं. सुट्टी मिळाली की तिची भरपाई रविवारी. सप्टेंबरपासून हातात येणारा पगार घटत चाललाय आणि लेखा विभाग ‘टॅक्स’ एवढंच सांगतो. पासपोर्ट नवा झाल्यापासून पैसे भरायचं अ‍ॅप अडकलंय. आईशी व्हॉट्सअ‍ॅपवर धड बोलता येत नाही. आता शाळा म्हणते, शनिवारी आमच्याच मालकांच्या शिकवणी केंद्रात दोन तास घ्या, रोख देऊ. करार ३१ जुलैला संपतो. पुढच्या वर्षाचं विचारणं डिसेंबरात सुरू होईल. नाशिकच्या घराचे दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. सहकारी म्हणतात, निघा इथून. थांबू की परत येऊ?

सल्ला

नमस्कार ताई. आमचं मत आधीच सांगतो: कर्ज फिटेपर्यंत चीनमध्ये राहा, पण ३१ जुलैनंतर या शाळेत राहू नका. तुमच्या पत्रात सहा तक्रारी आहेत. त्यातल्या चार कागदपत्रांनी किंवा सवयीनं सुटतात. एक, म्हणजे आईपासूनचं अंतर, कुठल्याही परदेशात राहणारच. आणि एक, शनिवारच्या शिकवणीची, कटकट नसून धोका आहे. तो धोका शाळेनं उभा केलाय, देशानं नाही.

पगारापासून सुरुवात करू, कारण कर्जाचा हप्ता त्यावर चालतो आणि या एका गोष्टीवरून शाळेबद्दलचा विश्वास उडतो. शाळेनं इथं तुम्हाला फसवलेलं दिसत नाही. चीनमध्ये रहिवासी करदात्याचा पगारावरचा कर दर महिन्याला स्वतंत्र काढत नाहीत. जानेवारीपासूनचं एकूण उत्पन्न मोजतात, महिन्याला ५,००० युआनची सरसकट वजावट देतात आणि उरलेल्या साचत गेलेल्या रकमेवर कर लावतात. करपात्र रक्कम ३६,००० होईपर्यंत दर ३ टक्के, पुढे १,४४,००० पर्यंत १० टक्के, त्यापुढे ३,००,००० पर्यंत २० टक्के. तुमची महिन्याची करपात्र रक्कम १७,०००. म्हणजे मार्चमध्ये तुम्ही पहिली पायरी ओलांडता आणि सप्टेंबरमध्ये दुसरी. सामाजिक विमा कापला जात नसेल, तर जानेवारीत हातात २१,४९० यायला हवेत, एप्रिल ते ऑगस्ट २०,३००, सप्टेंबरात १९,४०० आणि ऑक्टोबर ते डिसेंबर १८,६००. पगाराच्या स्लिपा या आकड्यांशी ताडून बघा. जुळले तर प्रश्न मिटला. जानेवारीत पगार पुन्हा वर जाईल. नाशिकचा हप्ता वर्षाखेरच्या १८,६०० वर बेतायचा, जानेवारीच्या आकड्यावर नाही.

स्लिपेवर दरमहा आणखी काही कापलेलं दिसलं तर तो सामाजिक विमा असणार: पेन्शनसाठी ८ टक्के, आरोग्यासाठी २, बेरोजगारीसाठी ०.५. पेन्शनचा तुमचा वाटा बुडत नाही. चीन कायमचं सोडताना लेखी अर्ज केला की वैयक्तिक खात्यात साठलेली रक्कम एकरकमी परत मिळते. नुसती शाळा किंवा शहर बदलताना तो अर्ज करायचा नाही.

शाळेनं एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी होती. परदेशी कर्मचाऱ्याला घरभाडं, मायदेशी जाण्याचा विमानखर्च, भाषेचे वर्ग अशा काही बाबी करमुक्त भत्ता म्हणून घेता येतात. ही सवलत २०२७ अखेरपर्यंत आहे. अट अशी, की भत्ता करारात वेगळा लिहिलेला हवा आणि खर्चाचं सरकारी बिल, म्हणजे फापियाओ, शाळेत जमा व्हायला हवं. तुमचं भाडं महिना ४,००० धरलं आणि त्याच २२,००० मधले ४,००० भत्ता म्हणून दाखवले, तर वर्षाचा कर २३,८८० वरून १४,२८० वर येतो. वर्षाला ९,६०० युआन वाचले. अडचण बहुधा घरमालकाकडे येते. फापियाओ दिलं की त्याचं भाडं कर खात्याच्या नजरेस येतं, म्हणून तो टाळतो किंवा भाडं वाढवून मागतो. त्यामुळे पुढचं घर घेताना फापियाओ मिळणार का, हे भाडं ठरवण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

पैसे घरी पाठवायचं काम कागद तयार असले की सरळ होतं. चिनी नागरिकांना परकीय चलनाची जी वार्षिक मर्यादा लागते, ती तुमच्या पगाराला लागत नाही. कर भरून हाती आलेला पगार तुम्ही पाठवू शकता. पासपोर्ट, वर्क परमिट, शिक्का असलेला करार, पगाराच्या स्लिपा आणि कर खात्याच्या अ‍ॅपवरून काढलेला कर भरल्याचा दाखला एवढं घेऊन बँकेच्या मोठ्या शाखेत सकाळी जा. गल्लीतल्या छोट्या शाखेत ‘परदेशी माणसाला जमत नाही’ असं उत्तर मिळतं, कारण तिथल्या कर्मचाऱ्यानं ते कधी केलेलंच नसतं. कागदांशिवाय दिवसाला ५०० डॉलर इतकंच चलन बदलून मिळतं. तीन महिन्यांतून एकदा मोठी रक्कम पाठवली तर मधल्या बँकेचं शुल्क वाचतं.

आता शनिवार. हे काम घेऊ नका. चीनमधलं वर्क परमिट त्यावर नाव असलेल्या संस्थेपुरतंच असतं. शिकवणी केंद्राचे मालक तेच असले, तरी केंद्राची नोंदणी वेगळी असेल तर तिथं शिकवणं म्हणजे बेकायदा नोकरी. निर्गमन-प्रवेश कायद्यात त्यासाठी ५,००० ते २०,००० युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर धरलं तर त्याबरोबर ५ ते १५ दिवसांची कोठडी. पुढे देशाबाहेर जायला सांगितलं जाऊ शकतं. केंद्रालाही दंड होतो, पण कर्जाचे हप्ते केंद्राच्या नावावर नाहीत. शिवाय जुलै २०२१ मध्ये सरकारनं शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर कडक बंधनं आणली. तेव्हापासून अशा केंद्रांवर तपासण्याही होतात. रोख पैशांचा आग्रह का, हे यातून कळेल.

नकार देताना कायद्याचं भाषण देऊ नका आणि चारचौघांत विषय काढू नका. समन्वयकाला एकट्याला निरोप पाठवा: ‘माझ्या वर्क परमिटवर फक्त आपल्या शाळेचं नाव आहे, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी शिकवलं तर शाळा आणि मी दोघंही अडचणीत येऊ. शाळेच्या आवारात, शाळेच्या वेळेत जादा तास लागले तर मी जरूर घेईन.’ यात नकार स्पष्ट आहे, शाळेची काळजी आहे आणि समोरच्याला वरिष्ठांपुढे मांडायला कारणही मिळतं. निरोपाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. यानंतरही दबाव आला तर ती शाळा जुलैआधी सोडायलाही हरकत नाही. बाकी कुठल्याच तक्रारीसाठी आम्ही तसं म्हणणार नाही.

त्याचबरोबर वर्क परमिटवर तुमचं पद काय लिहिलंय, ते वाचा. भाषा शिकवणारा परदेशी शिक्षक तत्त्वतः आपली मातृभाषा शिकवणारा आणि ती ज्या देशाची आहे तिथला असावा, असा नियम आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर इंग्रजीचा शिक्षक म्हणून परवाना मिळणं कठीण जातं. मग काही संस्था पद ‘सल्लागार’ लिहितात आणि काम शिकवण्याचं देतात. तपासणीत हे उघडं पडलं की शिक्षक अडकतो. गणिताला ही अट नाही, म्हणून तुमची जागा मुळात भक्कम आहे. फक्त परवान्यावर ‘गणित शिक्षक’ असंच असल्याची खात्री करा. कुणी ‘जोडीला चार तास इंग्रजीचे घ्या’ म्हटलं तर हाच नियम लक्षात ठेवा.

रात्री दहाच्या निरोपांबद्दल. यात तुमचा अपमान करायचा हेतू नसतो. निर्णय शिक्षण खात्याकडून मुख्याध्यापकांकडे येतो, तिथून कार्यालय, मग इयत्ताप्रमुख, मग वर्गशिक्षक. परदेशी शिक्षकांचा गट या साखळीत अगदी शेवटी, कारण तिथं कुणीतरी भाषांतर करून टाकावं लागतं आणि ते काम बहुधा एकाच दमलेल्या सहायकावर असतं. चिनी सहकाऱ्यांनाही बातमी फार आधी कळत नाही, पण दुपारी कळते. म्हणून वीचॅटवरच्या (चीनमधलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) तुमच्या इयत्तेच्या चिनी गटात स्वतःला घालून घ्या. निरोपावर बोट दाबून धरलं की भाषांतराचा पर्याय येतो. मोडकंतोडकं असलं तरी ‘उद्या तिसरा तास नाही’ एवढं नक्की समजतं. वर्गशिक्षकाशी ओळख वाढवा, कारण वर्गाचं खरं वेळापत्रक त्याच्या हातात असतं.

बरेचसे बदल आधी ओळखताही येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्रीडामहोत्सव, नोव्हेंबरात आणि एप्रिलच्या शेवटी सहामाहीसारख्या परीक्षा, जानेवारीत सत्रपरीक्षा, ७ जूनपासून विद्यापीठ प्रवेशाची गाओकाओ. तेव्हा परीक्षा केंद्र असलेल्या शाळा बंद राहतात. हे आठवडे वर्षाच्या नियोजनात कोरेच सोडा. चाळीस मिनिटांचे दोन सुटे तास कायम तयार ठेवा, कुठल्याही इयत्तेला चालतील असे. तास अचानक वाढला तरी धावपळ होत नाही. सुट्टीची भरपाई हीसुद्धा अचानक येणारी गोष्ट नाही. पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या आणि भरपाईचे दिवस राज्य परिषद (चीनचं केंद्रीय मंत्रिमंडळ) आधीच्या वर्षाच्या शेवटी जाहीर करते. २०२५ पासून सार्वजनिक सुट्ट्या ११ वरून १३ झाल्या, तरी भरपाईचे शनिवार-रविवार राहिलेच. यादी आली की त्या दिवशी कॅलेंडरवर भरा. दिवाळी यात कधीच नसेल. कराराच्या वेळी दोन दिवसांची वैयक्तिक रजा दिवाळीसाठी मागता येते आणि बऱ्याच शाळा देतात, फक्त ती सही करण्याआधी मागावी लागते.

पासपोर्टचं प्रकरण आधी कायद्याच्या बाजूनं मिटवा. पासपोर्ट क्रमांक बदलला की दहा दिवसांत पोलिसांच्या एक्झिट-एंट्री ऑफिसला कळवून रेसिडेन्स परमिटमध्ये बदल करायचा असतो. चुकलं तर ताकीद किंवा २,००० युआनपर्यंत दंड होतो. हे झालं नसेल तर उद्याच शाळेच्या माणसाला घेऊन जा. वर्क परमिटवरचा क्रमांक शाळेनं बदलून घ्यायचा. मग बँक, मग सिमकार्डची कंपनी, त्यानंतर वीचॅट आणि अलीपे ही पैसे भरायची अ‍ॅप, शेवटी कर खात्याचं आणि रेल्वेचं अ‍ॅप. हा क्रम उलटा केला म्हणूनच बहुतेकांचं अ‍ॅप अडकतं: पैसे भरायचं अ‍ॅप तुमचं नाव आणि कागदाचा क्रमांक बँकेशी ताडून बघतं, आणि बँकेत अजून जुना क्रमांक असतो.

नाव हा आपल्या लोकांचा खास त्रास. आपल्या पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात आणि आडनाव वेगळं. एक बँक आडनाव आधी टाकते, दुसरी शेवटी. कुठे मधली जागा गाळतात, कुठे लांब नाव अर्ध्यावर तुटतं. बँकेला तुमचं नाव त्यांच्या प्रणालीत जसं आहे तसं छापून द्यायला सांगा. मोठी अक्षरं, मोकळ्या जागा, सगळं जसंच्या तसं अ‍ॅपमध्ये भरा. सिमकार्डवरही तेच. तोवर अलीपेला भारतातलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून चालवता येईल. २०० युआनच्या वरच्या व्यवहारावर ३ टक्के शुल्क लागतं, खालच्यावर नाही. रोख रक्कमही जवळ ठेवा, दुकानदारानं ती नाकारायची नसते.

आईशी बोलण्याची अडचण दोन्हीकडून आहे. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये बंद, तर जून २०२० मध्ये भारतानं बंद केलेल्या ५९ चिनी अ‍ॅपमध्ये वीचॅट आहे. म्हणजे दोघींकडे सहज चालेल असं नेहमीचं अ‍ॅपच उरत नाही. परवानगी नसलेल्या व्हीपीएनवर घरची सगळी व्यवस्था उभी करू नका. ते नियमात बसत नाहीत आणि नेमके हवे तेव्हा बंद पडतात. दोघींकडे आयफोन असतील तर फेसटाइम चालतो. नसतील तर भारतीय किंवा हाँगकाँगच्या सिमवर रोमिंगचा डेटा घ्या. रोमिंगचा डेटा मूळ देशाच्या जाळ्यातून जातो, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. रोज एक व्हिडिओ कॉल होईल एवढा पॅक पुरे. भारतीय सिम तसंही जिवंत ठेवायलाच हवं, कारण कर्जाच्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. काही शाळांकडे अधिकृत आंतरराष्ट्रीय लाइन असते. संगणक विभागाला विचारून घ्या.

आता शाळा बदलण्याचं. चांगल्या शाळांची पुढच्या वर्षाची भरती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते. म्हणजे सध्याची शाळा डिसेंबरात विचारेल, तेव्हा तुमचे अर्ज गेलेले हवेत. दुसरीकडची ऑफर हातात येईपर्यंत ‘अजून ठरवते आहे’ एवढंच सांगा. शनिवारच्या कामाचा दबाव नसेल तर मुदतीआधी राजीनामा देऊ नका. श्रम करार कायद्याप्रमाणे ३० दिवसांची लेखी नोटीस पुरते. पण परदेशी शिक्षकांच्या करारात आधी सोडल्यास भरपाईचं कलम असतं आणि ते कितपत लागू होतं यावर ठिकठिकाणी वेगळे निकाल लागतात. जुलै फार लांब नाही. करार नैसर्गिकपणे संपू दे.

सोडताना तीन कागद हातात आल्याशिवाय चावी परत करू नका. नोकरी संपल्याचं पत्र, वर्क परमिट रद्द केल्याचा दाखला आणि अनुभवाचं प्रमाणपत्र. पत्रावर पासपोर्टाप्रमाणे नाव, पासपोर्ट क्रमांक, पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी, आणि शाळेचा लाल गोल शिक्का. नुसत्या सहीला तिथं किंमत नाही. असं पत्र देणं कायद्यानं शाळेवर बंधनकारक आहे आणि परमिट दहा कामकाजाच्या दिवसांत रद्द करणंही. अडवणूक झाली तर श्रम खात्याचा १२३३३ क्रमांक आहे. लवादाकडे जायला एक वर्षाची मुदत मिळते आणि शुल्क लागत नाही. परमिटविषयीच्या शंकांना १२३६७ वर इंग्रजीतही उत्तर मिळतं.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती ३१ जुलैच्या आसपास. करार, वर्क परमिट आणि रेसिडेन्स परमिट तिन्ही एकाच तारखेला संपतात. जुनं परमिट रद्द झाल्याशिवाय नवी शाळा अर्ज करू शकत नाही आणि नवं वर्क परमिट आल्याशिवाय नवं रेसिडेन्स परमिट नाही. त्यात पासपोर्ट एक्झिट-एंट्री ऑफिसकडे १५ कामकाजाच्या दिवसांपर्यंत राहतो. मिळालेल्या पावतीवर देशात रेल्वेनं फिरता येतं, देशाबाहेर जाता येत नाही. म्हणून जूनच्या सुरुवातीलाच दोन्ही शाळांकडून तारखा लेखी घ्या. मधे खंड पडणार असेल तर परमिट संपण्याआधी थोड्या दिवसांच्या मुक्कामाचा परवाना मागा. परवाना नसताना राहिलं तर दिवसाला ५०० युआन दंड, कमाल १०,०००. नाशिकचं तिकीट नवं परमिट पासपोर्टात आल्यावरच काढा. देशाबाहेर पडून नव्या व्हिसावर यायचं ठरवलं तर वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला आणि मुंबईतलं व्हिसा केंद्र, सगळं पहिल्यापासून.

करातही एक खाच आहे. नवी शाळा कर कापताना तुमचं जानेवारी ते जुलैचं उत्पन्न धरत नाही, ३ टक्क्यांपासून पुन्हा सुरू करते. पगार तोच राहिला तर वर्षभरात सुमारे १५,३६० युआन कापले जातील, आणि खरा कर २३,८८०. फरक साधारण ८,५०० युआन; तो पुढच्या वर्षी १ मार्च ते ३० जून या काळात अ‍ॅपवरून भरावा लागतो. ऑगस्टपासून हातात जास्त येतंय म्हणून ते नाशिकला पाठवून मोकळ्या होऊ नका, बाजूला ठेवा.

नवी शाळा निवडताना पगारातल्या दोन हजारांच्या फरकापेक्षा वर्ग कुठल्या इयत्तांचे आहेत हे बघा. चीनमध्ये २०१६ साली पावणेदोन कोटींहून जास्त बाळं जन्मली. २०२३ मध्ये ९० लाखांच्या थोडी वर. बालवाड्या बंद पडू लागल्याच आहेत, प्राथमिक शाळांना त्याची झळ बसते आहे. माध्यमिकच्या वरच्या वर्गांपर्यंत ती लाट यायला वेळ आहे, तोवर ए-लेव्हलचं, म्हणजे केंब्रिजच्या अकरावी-बारावीचं, गणित शिकवणाऱ्याला काम आहे. मुलाखतीत विचारा: वर्गात किती मुलं, आठवड्याला किती तास, शनिवार-रविवारच्या कामाचे पैसे, भाडं भत्ता म्हणून देणार का, सामाजिक विमा भरता का, परमिटवर पद काय लिहाल. तिथं आत्ता काम करणाऱ्या परदेशी शिक्षकाशी बोलायला मागा. शाळा टाळाटाळ करत असेल तर पुढच्या शाळेकडे वळा.

परत यायची वेळ कधी, तेही ठरवून ठेवा. आईला रोजच्या सोबतीची गरज लागली, तर हिशोब बाजूला ठेवून या. तातडीनं पोहोचणं आता पूर्वीपेक्षा सोपं आहे: २०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझोउ मार्गानं सुरू झाली, नंतर दिल्ली-शांघायही. मुंबईसाठी हाँगकाँग किंवा बँकॉकमार्गे सोयीचं पडतं. आईचं ऑपरेशन वगैरे ठरलेलं असेल तर त्या महिन्यात परमिटच्या नूतनीकरणासाठी पासपोर्ट देऊ नका. दुसरं कारण, डिसेंबर ते मार्चमध्ये एकही नीट ऑफर आली नाही. मग पुण्या-मुंबईच्या केंब्रिज शाळांत मार्चपासून अर्ज करा. तिथं हा अनुभव मोजला जातो. अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून वेगळ्या परीक्षांनी होते, तिथं चीनच्या वर्षांचा उपयोग होणार नाही, हे आधीच ठाऊक असू द्या.

परतायचं ठरलंच तर निघण्याआधी स्थानिक पोलिसांकडून तिथला गुन्हे नसल्याचा दाखला घ्या आणि नोटरीकडून इंग्रजी भाषांतरासह प्रमाणित करा. पुढे दुबई असो की सिंगापूर, तो मागतात, आणि नाशिकहून तो मिळवणं फार जिकिरीचं आहे. त्या वर्षाचा कर जाण्याआधी मिटवता येतो. १८३ दिवस भरले असतील तर पूर्ण ६०,००० ची वजावट मिळून थोडे पैसे परतही येतात. म्हणून चिनी बँकेचं खातं आणि सिम त्यानंतरच बंद करा.